सुरतेचा जोडा

सुरतेच्या काँग्रेसमध्ये व्यासपीठावर जो जोडा भिरकावला गेला तो आपल्या कोल्हापूरचा होता, असे आमचे आजोबा सांगत. दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की ही गोष्ट निघाल्याशिवाय राहत नसे. "करकर वाजणारं अस्सल कोल्हापुरी पायताण! थेट फिरोजशहाच्या तोंडावर!" असे म्हणून ते उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या स्वतःच्या वहाणांकडे मोठ्या अभिमानाने पाहत. आजोबा सुरतेला कधीच गेले नव्हते. पण हे आमच्या लक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली.

पुढे मीही तीच गोष्ट सांगत आलो. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात लोकमान्यांवर बोलताना मी ती रंगवून सांगितली, टाळीही घेतली. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उठले आणि हळू आवाजात म्हणाले, "पायताण नव्हे, जोडा होता. आणि कोल्हापूरचा म्हणायला आधार काय?" मी म्हणालो, "आमचे आजोबा." सभागृह हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर चैन पडेना.

मग शोध घेतला. हेन्री नेव्हिन्सन नावाचा विलायती बातमीदार त्या दिवशी सुरतेच्या मंडपात हजर होता. १९०८ साली निघालेल्या 'द न्यू स्पिरिट इन इंडिया' या पुस्तकात त्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. लालसर कातड्याचा, टोकदार, तळव्याला शिसे ठोकलेला मराठी जोडा, एवढे तो सांगतो. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून तो फिरोजशहा मेहतांवर आदळला. कोल्हापूरचे नाव कोठेही नाही. तो जोडा कुणाच्या पायातला होता हे खात्रीने सांगणारा मला अजून भेटलेला नाही. इतकेच काय, तो नेमका कुणाला मारलेला होता याबद्दलही दोन तऱ्हा आहेत. कुणी म्हणते फिरोजशहांना, कुणी म्हणते टिळकांना.

हे सगळे डोक्यात घोळत असतानाच २०२४ च्या मे महिन्यात सुरतेला जाण्याचा योग आला. माझी भाची तेथे कतारगामला राहते. जावई मूळचे जळगावकडचे, रिंगरोडच्या कापडबाजारात नोकरीला. पहिल्याच दिवशी मी रिक्षा केली आणि म्हटले, "फ्रेंच गार्डनला चल." काँग्रेसचा मंडप त्या बागेत, तापीच्या काठी पडला होता, हे मी वाचले होते. रिक्षावाल्याने मला डच गार्डनशी आणून सोडले. "फ्रेंच नाही साहेब, डच. तुमची चूक होते आहे," असे त्याने हिंदीत समजावले. तेथल्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले, काँग्रेस तर हरिपुऱ्याला झाली, सुभाषबाबू आले होते. तीही झाली होती, पण १९३८ साली, सुरत जिल्ह्यातल्या हरिपुरा गावी. तिसऱ्याने मला किल्ल्याकडे पिटाळले आणि मी मराठी आहे हे कळताच शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्यांची आठवण काढून मिस्किलपणे हसला. या शहराशी आम्हा मराठ्यांचा पहिला परिचय तसा फारसा सौजन्याचा नव्हता, हे खरेच.

हात हलवत घरी परतलो, तो जावयांनी फोन पुढे केला. "मामा, हे वाचा. खरं आहे का?" फोनवर एक संदेश होता. मतदारयादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून कलम ४९अ खाली 'चॅलेंज व्होट' मागा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल तर 'टेंडर व्होट' मागा. एखाद्या केंद्रावर टेंडर मते चौदा टक्क्यांवर गेली तर तेथे फेरमतदान होईल. खाली, ही माहिती दहा जणांना पाठवा, लोकशाही वाचवा.

वाचकहो, यातले एक वाक्य खरे आहे. आपल्या नावावर दुसराच कुणी मत देऊन गेला असेल, तर आपली ओळख पटवून वेगळ्या मतपत्रिकेवर मत देता येते. १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९त या क्रमांकाखाली तशी तरतूद आहे. बाकीची दोन वाक्ये निखालस खोटी. ४९अ हा नियम मतदानयंत्राच्या रचनेबद्दल आहे. यादीत नाव नसलेल्याला आधार दाखवून मत देता येत नाही. 'चॅलेंज' म्हणतात ते उमेदवाराच्या प्रतिनिधीने मतदाराच्या ओळखीला घेतलेल्या हरकतीला, आणि त्यासाठी त्याला दोन रुपये अनामत ठेवावी लागते. चौदा टक्क्यांचा नियम कोठेच नाही. पण एक खरे वाक्य मध्ये बसले, की शेजारची दोन त्याच्या आधाराने उभी राहतात. कलमाचा आकडा दिला, की मग विचारायलाच नको.

गंमत अशी, की त्या घरात तेव्हा या माहितीचा काडीइतकाही उपयोग नव्हता. सुरत लोकसभा मतदारसंघात मतदान होणारच नव्हते. काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी अर्जावरील सह्या आपल्या नाहीत असे सांगितल्याने तो अर्ज बाद झाला, उरलेल्या आठ उमेदवारांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. हे कसे घडले, याबद्दल त्या एका इमारतीत मला पाच वेगवेगळ्या हकिकती ऐकायला मिळाल्या. प्रत्येकाजवळ पुरावा म्हणून फोन होता. निर्णय अधिकाऱ्याचा आदेश मात्र एकानेही वाचलेला नव्हता.

त्या रात्री गच्चीवर बसलो असताना मला १९०७ ची सुरत खऱ्या अर्थाने समजली, असे म्हणायला हरकत नाही. आजवर मी ती जोड्यापासून सुरू करीत होतो. ती खरी सुरू होते कागदापासून.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसला दादाभाई नौरोजी अध्यक्ष होते. तेथे स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव मंजूर झाले. जहालांना वाटले, आता मागे फिरणे नाही. मवाळांपैकी पुष्कळांना वाटले, जरा अधिकच बोलून गेलो. पुढचे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. तेथे तंटा पेटला म्हणून नोव्हेंबरात मुंबईला फिरोजशहांच्या घरी बैठक होऊन ते सुरतेला हलवले गेले. सुरत म्हणजे फिरोजशहांच्या वजनाचा मुलूख. त्याच वर्षी एप्रिलात तेथे भरलेल्या प्रांतिक परिषदेत त्यांनी बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे विषय येऊच दिले नव्हते. म्हणजे जहालांच्या मनातला संशय अगदीच हवेतला नव्हता.

अधिवेशनाच्या आठदहा दिवस आधी ठरावांच्या विषयांची एक यादी वर्तमानपत्रांत आली. तीत स्वराज्य, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण यांची नावे नव्हती. झाले! चारही ठराव गाळणार, ही वार्ता पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत पसरली. टिळक २३ डिसेंबरला सुरतेत उतरले आणि आम्ही काँग्रेस मोडायला आलो नाही, तिला मागे जाऊ देणार नाही एवढेच, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले. दुसऱ्या दिवशी अरविंद घोषांच्या अध्यक्षतेखाली जहाल प्रतिनिधींची वेगळी सभा भरली. इकडे मवाळांच्या गोटात वार्ता, की हे लोक सभा उधळायलाच आले आहेत. दोन्ही वार्तांना थोडा थोडा आधार होता, आणि दोन्ही पुरत्या खऱ्या नव्हत्या.

ठराव गाळलेले नव्हते. गोखल्यांनी केलेल्या मसुद्यांत चारही विषय होते. पण शब्द बदलले होते. कलकत्त्याला मागणी होती ती स्वयंशासित वसाहतींत चालते तशा राज्यपद्धतीची. सुरतेला शब्द आले ते साम्राज्याच्या इतर घटकांना आहे तशा स्वराज्याचे. आता साम्राज्याचा घटक कोण नाही? कलकत्त्याला 'बहिष्काराची चळवळ' न्याय्य ठरवली होती, सुरतेला 'परदेशी मालावरचा बहिष्कार' झाला. चळवळ म्हटले की तीत शाळा, कोर्टे, कौन्सिले सारेच येऊ शकते, माल म्हटले की दुकानापाशी थांबते. स्वदेशीच्या ठरावातले 'थोडी झीज सोसूनही' अशा अर्थाचे शब्द तर गळलेच होते. यावर गोखल्यांचे म्हणणे असे होते, की आपण कलकत्त्याच्या ठरावाचा मजकूर लंडनच्या 'इंडिया' पत्रातून उतरून घेतला आणि त्या छापील मजकुरातच ते शब्द नव्हते. माझा गोखल्यांवर विश्वास आहे. कागल-कोल्हापुरात शिकलेला हा माणूस आपल्या तोंडून गेलेले एक चुकीचे विधान परत घेण्यासाठी १८९७ साली जाहीर माफी मागून बसला होता, तो जाणूनबुजून शब्द चोरणार नाही. पण पाहा, एका छापखान्यातली गळती दुसऱ्या देशातल्या ठरावात शिरली आणि तेथे ती कपट म्हणून वाचली गेली.

हे मसुदे प्रतिनिधींच्या हाती चार दिवस आधी पडले असते, तर वाद झाला असता, उपसूचना आल्या असत्या, मते मोजली गेली असती. त्यासाठीच तर सभा असते. पण घडले ते असे, की टिळकांना मसुद्याची प्रत मिळाली ती २६ डिसेंबरला दुपारी, मंडपात, स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांचे भाषण चालू असताना. सोळाशेच्या आसपास प्रतिनिधी तेथे बसले होते. त्यांपैकी बहुतेकांना आपण कशावर मत देणार आहोत याची माहिती होती ती आपापल्या पक्षाच्या वर्तमानपत्रातून किंवा आपापल्या बिऱ्हाडातल्या गप्पांतून. मसुदे घाईने झाले, छापून यायला उशीर लागला, हे मान्य. तरीही मी दोष अधिक देतो तो स्वागतमंडळाला. बातमी बाहेर गेली होती, संशय वाढतो आहे हे दिसत होते, अशा वेळी चार पाने रात्रीतून छापून बिऱ्हाडोबिऱ्हाडी वाटणे सुरतेसारख्या व्यापारी शहराला अवघड नव्हते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २६ तारखेला अंबालाल साकरलाल देसाईंनी डॉ. रासबिहारी घोषांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचवले. सुरेंद्रनाथ अनुमोदनाला उठताच गोंधळ झाला. ज्याच्या आवाजाने हजारोंच्या सभा डोलत त्या सुरेंद्रनाथांचा शब्द ऐकू येईना. सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी आधीच चिठ्ठी देऊन ठेवली होती, की अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची सूचना आणि तडजोडीची योजना मांडायची आहे. उत्तर आले नाही. घोषांची निवड जाहीर झाल्यावर टिळक व्यासपीठावर गेले. तुमची सूचना नियमाबाहेर आहे, असे त्यांना सांगण्यात आले. ते हाताची घडी घालून उभे राहिले. तरुण त्यांच्या अंगावर धावले तेव्हा आडवे आले ते गोखले. टिळकांच्या भोवती हात टाकून गोखले उभे आहेत, हे चित्र आमच्या आजोबांच्या गोष्टीत कधीच नव्हते. त्यात फक्त जोडा होता. मग तो जोडा आला, खुर्च्या आल्या, काठ्या आल्या आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला.

जोडा पडल्यावर दोन्ही पक्षांनी आपापली निवेदने काढली. एकावर टिळक, दादासाहेब खापर्डे, अरविंद घोष आदींच्या सह्या, दुसरे मवाळ पुढाऱ्यांचे. दोन्ही तपशीलवार आहेत, तास-मिनिटे देणारी आहेत. पण एकापुढे एक ठेवून वाचली तर या दोन वेगवेगळ्या सभा होत्या की काय असे वाटते. 'केसरी' घेणाऱ्या घरात एक सुरत घडली आणि 'ज्ञानप्रकाश' घेणाऱ्या घरात दुसरी. दोन्ही पत्रे घेणारी घरे पुण्यात तरी किती असतील?

याची किंमत काय पडली, ती पाहा. मवाळांनी २८ तारखेला वेगळे संमेलन भरवले आणि पुढे ध्येयपत्रिकेवर सही करील त्यालाच प्रवेश असा नियम केला. व्हाइसरॉय मिंटो यांना सुरतेत आपला मोठा विजय दिसला, तसे त्यांनी भारतमंत्री मोर्ले यांना कळवलेही. काँग्रेस एक असती तर सरकारने टिळकांना हात लावला नसता असे मी म्हणत नाही, पण जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले तेव्हा देशाची सर्वांत मोठी सभा त्यांच्यामागे उभी नव्हती. आणि ती सभाही वाळत गेली. १९१२ च्या बांकीपूरच्या अधिवेशनाला दोनशेच्या आसपास प्रतिनिधी होते. जे स्वराज्य मागायला सारे जमले होते, त्याच्या मागणीतले शब्द कोणते, एवढेही एकमेकांना नीट न दाखवता आल्यामुळे ती मागणीच आठनऊ वर्षे अर्धी पडली.

यावरून कुणी शहाणे झाले म्हणावे, तर तसेही नाही. १९१४ साली टिळक सुटून आले. ॲनी बेझंट आणि सुब्बाराव यांनी समेटाचे बोलणे पुण्यात चालवले. गोखले प्रथम अनुकूल होते, मग शंका आली आणि त्यांनी मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना एक खाजगी पत्र लिहिले. पत्र खाजगी राहिले, पण त्याची कुजबुज झाली. टिळक सरकारवरच बहिष्कार घालू म्हणतात, असे मद्रासच्या विषयनियामक समितीत सांगितले गेले. बेझंटबाईंनी तारेने विचारणा केली. टिळकांनी उलट तार केली, की मी असे कधीच सांगितलेले नाही. तोवर वेळ गेली होती. मग 'केसरी'त लेख आले, पत्र प्रसिद्ध करा अशी मागणी झाली, गोखल्यांकडून खुलासे आले. ते पत्र काही त्या वेळी लोकांसमोर आले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते, ते तडक खाली उतरले आणि चितेपाशी गोखल्यांविषयी बोलले. त्या भाषणाचे कौतुक आपण नेहमी करतो. माझ्या मनात मात्र दर वेळी येते ते हे, की दोघांची घरे एकाच गावात असून त्या शेवटच्या महिन्यात ते बोलत होते ते छापखान्याच्या मार्फत. काँग्रेस पुन्हा एक झाली ती १९१६ साली, लखनौला. तेव्हा गोखलेही नव्हते आणि फिरोजशहाही.

आणखी एक गोष्ट. काँग्रेस कोणी मोडली, यावर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे रकानेच्या रकाने भरले. बोट टिळकांकडेच दाखवले जाई. पुष्कळ वर्षांनी पाँडिचेरीहून अरविंदांनी लिहून ठेवले, की सभा मोडायला कारण झालेला हुकूम आपण दिला होता आणि तोही टिळकांना न विचारता. म्हणजे ज्यांनी या प्रश्नावर मित्र तोडले, घरे तोडली, त्यांतल्या कितीतरी जणांना खरे उत्तर कळलेच नाही.

असो. ७ मेला गुजरातेत मतदान झाले. सुरतेत नव्हते, पण उधना भाग नवसारी मतदारसंघात येतो आणि जावयांचे धाकटे बंधू तेथे राहतात. दुपारी ते तावातावाने कतारगामला आले. घर बदलल्यामुळे यादीत त्यांचे नाव नव्हते. त्यांनी केंद्रावर आधार कार्ड आणि फोनवरचा तो संदेश दाखवला. केंद्रावरच्या बाईंनी शांतपणे सांगितले, असे काही नसते. "मामा, त्यात कलम दिलंय हो! या लोकांनी मुद्दाम माझं मत बुडवलं," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी नियमांचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता ते कागदावर बरोबर असेल." नावनोंदणीचा अर्ज मार्चमध्ये भरला असता तर काम झाले असते, हे मी बोललो नाही. मार्चमध्ये त्यांना कुणी काही पाठवले नव्हते. जावयांनी बाजारातल्या त्यांच्या गटावर खुलासा टाकला. दोनशेवर माणसांचा तो गट. दोघांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच जुना संदेश त्याच गटावर नव्याने आला.

कोल्हापूरला परतल्यावर हे सारे घरी सांगत होतो. नातू जेवता जेवता ऐकत होता. जोड्याची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटले, "बाळ, तो जोडा आपल्या कोल्हापूरचा होता असं मी तुला सांगितलं होतं ना, त्याला आधार नाही बरं का."

त्याचा घास हातातच राहिला. "आजोबा, मी तर गेल्या वर्षी शाळेत भाषणात सांगितलं. पहिलं बक्षीस मिळालं मला."